तुलनेच्या तराजूत नवे आईबाप

मुंबई, विशेष प्रतिनिधी

लसीकरणासाठी दवाखान्याबाहेर ताटकळत बसलेल्या आयांमधील प्रश्न ठरलेले असतात. 'कितवा महिना? वजन किती? पालथे पडते का?' विचारणारीच्या मनात काही नसते. मात्र उत्तर देणारी अनेकदा आपलेच काहीतरी चुकत असल्याची टोचणी घेऊन घरी परतते. शेजारणीच्या बाळाने चांगले बाळसे धरले आहे, तिला अंगावरचे दूध पुरते आणि आपल्याला मात्र वरचे दूध द्यावे लागते, हे शल्य तिला छळत राहते.

ही तुलना नवी नाही. वाढला आहे तो तिचा आवाका. पूर्वी दृष्ट लागू नये म्हणून बाळाला तीट लावली जाई, त्याच्या प्रकृतीचे कौतुकही जपून केले जाई. आता नातलगांच्या आणि मैत्रिणींच्या बाळांची हसरी छायाचित्रे दिवसभर मोबाइलवर येत असतात. रात्रीची रडारड व घरातील ओढाताण त्यांत दिसत नाही.

वस्तुस्थिती काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेली वाढीची प्रमाणके भारतासह सहा देशांतील निरोगी मुलांच्या अभ्यासावर आधारलेली आहेत. त्यानुसार बाळ आधाराविना बसू लागण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, तर स्वतंत्रपणे चालू लागण्याचा ८.२ ते १७.६ महिने असा आहे. म्हणजेच दोन सुदृढ मुलांच्या चालण्यात नऊ महिन्यांचे अंतर असू शकते. सुमारे चार टक्के मुले तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. वजनाच्या तक्त्यातील मधली रेषा ही उत्तीर्ण होण्याची रेषा नव्हे. निम्मी निरोगी मुले तिच्या खालीच असतात. शेजारच्या बाळाचे वजन किती, यापेक्षा आपल्या बाळाची वाढ स्वतःच्या रेषेने होत आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. ती रेषा घसरू लागली किंवा वरील मुदत उलटून गेली, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

खरा धोका वेगळाच आहे. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. 'मी चांगली आई नाही' ही भावना कधी कधी या आजाराचेच लक्षण असते. घरचे लोक मात्र तिला थकवा किंवा हळवेपणा समजून सोडून देतात. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक हरपली किंवा बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, तर उपचार घेणे आवश्यक ठरते. केंद्राची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

परिस्थितीतील विषमताही विसरून चालणार नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. घरकाम वा रोजंदारी करणाऱ्या स्त्रीला मात्र तिचा लाभ मिळत नाही. केंद्र सरकारी सेवेतील पित्याला १५ दिवसांची रजा आहे, पण खासगी नोकरीतील अनेक पित्यांना तेवढीही मिळत नाही. बाळंतपणासाठी माहेर असलेली आणि महानगरात एकटीच बाळ सांभाळणारी अशा दोघींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. लसीकरणाच्या दिवशी बाळाच्या वजनाबरोबर आईची झोप आणि मनःस्थिती यांचीही विचारपूस झाली, तर या अन्यायाला कुठेतरी आळा बसू शकेल.