सहीवर टांगलेला हक्क

अमेरिकेत सत्ताबदल होऊन दुसऱ्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष आला की पहिल्या काही दिवसांतच एक विधी पार पडतो. नवा माणूस लेखणी उचलतो आणि जगभरच्या गरीब बायकांविषयीच्या एका कागदावर सही करतो. १९८४ मध्ये मेक्सिको सिटीच्या लोकसंख्या परिषदेत रेगन सरकारने जाहीर केलेला हा नियम. आमचा पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेने कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करायचा नाही, त्याचा सल्ला द्यायचा नाही, आपल्याच देशात कायदा सैल करा अशी मागणीही करायची नाही. आणि हे सगळं तिने दुसरीकडून उभ्या केलेल्या पैशातूनसुद्धा करायचं नाही! मराठीत याला सरळ मुस्कटदाबी म्हणतात. क्लिंटननी तो २२ जानेवारी १९९३ ला उठवला, धाकट्या बुशनी २२ जानेवारी २००१ ला पुन्हा लादला. ओबामांनी २००९ च्या जानेवारीत उठवला, ट्रम्पनी २०१७ च्या जानेवारीत लादला, बायडेननी २०२१ च्या जानेवारीत उठवला आणि २४ जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी परत आणला. नळाची तोटी सोडावी-बंद करावी, तसं हे चाळीस वर्षं चाललं आहे.

२०१७ च्या सहीचा फोटो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. टेबलाभोवती सगळे सुटाबुटातले पुरुष. दोनच दिवसांपूर्वी त्याच शहराच्या रस्त्यांवर लाखो बायका उतरल्या होत्या. त्या वेळी नियमाची कक्षाही वाढवली गेली. पूर्वी तो सुमारे ६० कोटी डॉलरच्या कुटुंबनियोजनाच्या मदतीला लागू होता, आता एड्स, हिवताप, बालआरोग्य धरून सुमारे ८८० कोटी डॉलरच्या मदतीला लागू झाला. गर्भपात कमी व्हावेत म्हणून हा खटाटोप, असं सांगतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या २६ आफ्रिकी देशांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते उलटंच. बुश यांच्या काळात, ज्या देशांत अमेरिकेचा पैसा जास्त जात होता, तिथे इतर देशांच्या तुलनेत गर्भपाताचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं आणि गर्भनिरोधकांचा वापर घटला. दवाखान्याचा पैसा थांबला की गोळ्याही थांबतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही नर्सबाईंनी सांगितलं असतं.

पण मैत्रिणींनो, ट्रम्पवर राग काढणं सोपं आहे. तो मलाही येतो. आपल्या बैठकांत अमेरिकेचा विषय निघाला की जो सूर लागतो, त्याविषयी मला जास्त बोलायचं आहे. डेमोक्रॅट आले की सुटकेचा निःश्वास, रिपब्लिकन आले की संकट! जणू तिथल्या बायकांचा हक्क मधल्या चार-आठ वर्षांत तरी शाबूत असतो.

तो कुणाचा शाबूत होता? सर्वोच्च न्यायालयाने रो खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला २२ जानेवारी १९७३ ला. तीनच वर्षांत, १९७६ मध्ये, हाइड दुरुस्ती आली. गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतून, म्हणजे मेडिकेडमधून, गर्भपाताला केंद्राचा पैसा मिळणार नाही, असं तिने ठरवलं. तिचा जनक रिपब्लिकन, पण त्या वेळी दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅटांचं होतं, हे आपण विसरतो. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना हे अन्यायाचं नाही का असं विचारलं गेलं, तेव्हा श्रीमंतांना परवडतात आणि गरिबांना परवडत नाहीत अशा पुष्कळ गोष्टी जगात असतात, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे हक्क होता. फक्त तो विकत घ्यावा लागत होता. काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून खर्च केला. बाकीच्या राज्यांतली घरकाम करणारी, शेतमजूर बाई, ती बहुधा काळी किंवा मेक्सिकोकडून आलेली, तिचा रो तिथेच संपला.

हे कुणाला दिसलं नाही असं नाही. १९९४ मध्ये क्लिंटन सरकार आरोग्यविम्याची मोठी योजना मांडत होतं, तेव्हा शिकागोत बारा काळ्या स्त्रिया एकत्र बसल्या. ‘निवड’ हा शब्द आम्हाला पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जिच्या हातात पैसा नाही, वस्तीत दवाखाना नाही, ती कशातून काय निवडणार? त्यांनी ‘प्रजननविषयक न्याय’ असा शब्द घडवला. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क आणि झालेलं मूल सुरक्षित वातावरणात वाढवण्याचा हक्क, तिन्ही एकत्र. आठशेहून अधिक जणींच्या सह्यांनिशी वर्तमानपत्रात पानभर निवेदन छापलं. आणि १९९६ मध्ये याच क्लिंटननी गरीब मातांचा सरकारी आधार तोडणाऱ्या कायद्यावर सही केली! २०१० मध्ये ओबामांनी आपला आरोग्यकायदा पार पडावा म्हणून हाइडचं बंधन पाळण्याचा स्वतंत्र आदेश काढला. बायडेन तर २०१९ च्या जूनपर्यंत हाइडच्या बाजूचेच होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी अर्थसंकल्पाच्या प्रस्तावातून ती वगळली, काँग्रेसने ती ठेवली, विषय संपला.

म्हणून २४ जून २०२२ ला डॉब्ज खटल्यात रो रद्द झाला तेव्हा अनेकींना बसलेला धक्का मला पुरता पटला नाही. रो हयात असतानाच, २०१५ मध्ये, इंडियाना राज्यात भारतीय वंशाच्या एका बाईला गर्भहत्या आणि मुलाची हेळसांड या आरोपांखाली वीस वर्षांची शिक्षा झाली होती. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने गर्भहत्येचा आरोप फेटाळला, पण तोवर ती तुरुंगात होती. गोळ्या मागवून गर्भपात करायला तिला कोणी भाग पाडलं, हा प्रश्न मात्र आरोपपत्रात नसतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमधली एक गोष्ट यापेक्षा अवघड आहे. दहा राज्यांत राष्ट्राध्यक्षपदाबरोबरच गर्भपाताच्या हक्कावरही मतदान झालं. सात राज्यांत हक्काची बाजू जिंकली. फ्लोरिडात ५७ टक्के मतं पडूनही हरली, कारण तिथे ६० टक्क्यांची अट आहे. आणि मिझुरी, मोंटाना, ॲरिझोना, नेव्हाडा या चार राज्यांनी एकाच दिवशी हक्कालाही कौल दिला आणि ट्रम्पनाही. म्हणजे कित्येक बायकांनी एकाच मतपत्रिकेवर दोन्ही खुणा केल्या असणार. त्यांना मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, ‘आम्हीच तुमचे रक्षक’ हे वाक्य त्यांनी फार वर्षं ऐकलं होतं आणि घरभाडं, दवाखान्याचं बिल तेवढंच राहिलं होतं.

ट्रम्पनी मात्र वेळ घालवला नाही. २३ जानेवारी २०२५ ला, गर्भपात केंद्रांची दारं अडवल्याबद्दल शिक्षा झालेल्या २३ जणांना माफी. दुसऱ्या दिवशी मुस्कटदाबी परत, आणि हाइडची अंमलबजावणी कडक करण्याचा आदेश. त्याच वर्षी १ जुलैला यूएसएडचं काम अधिकृतपणे बंद. जुलैतच, बेल्जियममधल्या गोदामात पडलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं नष्ट करण्याचा निर्णय बाहेर आला. गोळ्या, इंजेक्शनं, तांबी, त्वचेखालची इम्प्लांटं. यातलं एकही गर्भपाताचं साधन नव्हतं! (आपण इथे नॉरप्लांट आणि नेट-एनला विरोध केला, तो बाईला न सांगता-समजावता टोचण्याला होता. बाई मागते आहे आणि तिला मिळू द्यायचं नाही, हा त्याच मस्तीचा दुसरा प्रकार.) १९६६ मध्ये आपल्याकडे दुष्काळ असताना याच देशाने गव्हाच्या मदतीबरोबर कुटुंबनियोजनाचा आग्रह धरला होता. मुलं होऊ देऊ नका म्हणणारे आणि गर्भपात करू नका म्हणणारे, दोघांचाही पत्ता वॉशिंग्टनचाच.

डॉब्जनंतर तीन महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची तरतूद लागू केली. निकाल चांगलाच. पण ‘आपण अमेरिकेच्या पुढे’ अशी शेखी मिरवली गेली, ती खोटी आहे. आपला १९७१ चा कायदा लोकसंख्येच्या धास्तीच्या काळातला. आजही त्यात बाईची मागणी पुरेशी नाही, डॉक्टरांचं मत लागतं. आपणही दुसऱ्याच्याच सहीवर टांगलेल्या आहोत.

तिकडे ज्यांचं काम मला मोलाचं वाटतं, त्या सत्तांतराकडे डोळे लावून बसल्या नाहीत. शिकागोतल्या ‘जेन’ गटाच्या बायकांनी १९६९ ते १९७३ या काळात, कायदा विरोधात असताना, सुमारे ११,००० गर्भपात घडवून आणले. हाइडनंतर गावोगाव गर्भपात-निधी उभे राहिले. १९९३ मध्ये, क्लिंटन सत्तेवर आले त्याच वर्षी, त्यांनी देशभरचं जाळं बांधलं. आज टेक्सासमधून न्यू मेक्सिकोला निघालेल्या बाईचं तिकीट, मुक्कामाची खोली, मागे राहिलेल्या पोरांना सांभाळणारं कोणी, हे असे निधी बघतात.

२०२९ च्या जानेवारीत डेमोक्रॅट आले, तर मुस्कटदाबीचा नियम पुन्हा उठेल आणि आपल्याकडे अभिनंदनाचे ठराव फिरू लागतील. माझ्याकडे तो कागद आला, तर हाइड कधी जाणार हे विचारणारी ओळ त्यात घातल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही.