नव्या माशालाही हवे विलगीकरण

रविवारी मुलांच्या हट्टापायी बाजारातून तीन-चार नवे मासे घरी येतात. पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगत ठेवली, की झाले; मासे थेट जुन्यांच्या संगतीत. आठवडाभराने माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. मग दुकानदाराला फोन, निळ्या औषधाची बाटली आणि अखेर रिकामी टाकी. आपण दोष पाण्याला देतो. खरी चूक पहिल्या दिवशीच झालेली असते.

हे ठिपके ‘इक्थियोफ्थिरियस’ नावाच्या एकपेशीय परजीवीचे. माशाच्या कातडीत शिरलेल्या परजीवीवर औषधाचा परिणाम होत नाही. पोसला गेला की तो गळून तळाच्या वाळूत चिकटतो, तिथे त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले बाहेर पडतात आणि दोन-तीन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषध लागू पडते ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवरच. आपल्याकडच्या कोमट पाण्यात हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते. म्हणूनच ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजून औषध थांबवणे महागात पडते.

यावर साधा उपाय म्हणजे विलगीकरण. करोनाने हा शब्द आपल्याला शिकवलाच आहे. वीस-तीस लिटरचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा; वाळू नको. स्पंज आधी काही आठवडे मुख्य टाकीत चालवून घ्यावा, म्हणजे माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. जाळी आणि नळी वेगळी. मासा तीन ते चार आठवडे इथेच राहील. तो खातो का, अंग घासतो का, श्वास जोरात घेतो का, एवढे रोज पाहावे. ठिपके दिसलेच तर तापमान हळूहळू तीस अंशांपर्यंत न्यावे आणि हवेचा पंप वाढवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठही उपयोगी पडते. मात्र कॅटफिश, लोच यांना ते सोसत नाही.

माझा खरा आक्षेप आहे तो ‘खबरदारी म्हणून’ टाकीत अँटिबायोटिक टाकण्याच्या सवयीला. या परजीवीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट फिल्टरमधले उपकारक जिवाणू त्याने मरू शकतात, आणि टाकीचे पाणी गटारात ओतले, की औषधांना दाद न देणारे जिवाणू पोसायला हातभार लागतो. ते जिवाणू माशांपुरते थांबत नाहीत.

माणसाचा संबंध इथेही येतो. ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा माशांचा जिवाणू हाताच्या जखमेतून शिरून काही आठवड्यांनी कातडीवर चिवट गाठी उठवतो. जखम असेल तर हातमोजे घालूनच टाकी साफ करावी. अशी गाठ आलीच, तर घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नाहीतर निदान महिनोन्‌महिने लांबते.

दुसरा टब ठेवायला घरात जागा कुठे, असे कुणी म्हणेल. गॅलरीतल्या सावलीचा कोपरा पुरतो, आणि खर्च एका मेलेल्या टाकीपेक्षा कमीच. विक्रेत्यांनीही ‘आज आले, आज विकले’ सोडून माल काही दिवस थांबवून विकावा. ग्राहकाने तसे विचारायला सुरुवात केली, तर ते करतीलही. मासा बोलत नाही. त्याच्या वतीने तीन आठवड्यांचा धीर आपणच धरायचा आहे.