आपल्या वाटेवरची तीन मैदाने

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आम्ही सायन-पनवेल रस्त्यावर बसमध्ये बसून काढली. कुर्ल्याला मुलीच्या घरी गेलो होतो. परतीसाठी चेंबूरहून सांगलीची खासगी बस धरली. नेरुळ आले आणि बस उभी राहिली ती राहिलीच. शेजारच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळे तो दोन तास उशिरा सुरू झाला होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपत होता. बसमधील निम्मे लोक मोबाईलवर तोच सामना पाहत होते. आपल्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघात, तिने ४५ धावा केलेल्या. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरविले तेव्हा बसमध्ये टाळ्या वाजल्या, त्यात आमच्याही होत्या. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ मात्र सारखे घड्याळ पाहत होते. सकाळी विट्यात त्यांना सुताची गाडी उतरवून घ्यायची होती आणि पैसे त्यांच्याच खिशात होते.

तेव्हा आरंभीच सांगून टाकतो, आमचे खेळाशी भांडण नाही. सामना आपला, मुलगी आपली, आनंदही आपला. पण खोळंबाही आपलाच होतो, आणि त्याचा हिशेब कोणीच मांडत नाही. तो आज मांडावा म्हणतो.

सातारा-सांगलीचा व्यापारी मुंबईला निघाला की त्याच्या वाटेवर एक नव्हे, तीन मैदाने लागतात. पुणे ओलांडून द्रुतगती मार्गाला लागता लागता गहुंजे. पुढे कळंबोली, खारघर, बेलापूर मागे टाकले की नेरुळ. आणि मुंबईत पोहोचून कापड बाजारात पाय ठेवावा तर तेथून पायी जाण्याच्या अंतरावर वानखेडे. मुंबईकराला एका मैदानाची गर्दी सोसावी लागते, आपल्याला तिन्हींची. शिवाय हे विश्वचषक येतात तेही बहुधा आपल्या हंगामातच. २०२३ चा विश्वचषक ५ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर चालला. त्यात दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. २०२५ चा महिलांचा विश्वचषक ३० सप्टेंबरला सुरू झाला तो दिवाळी उलटेपर्यंत चालला. कापडवाल्याचे, शिंप्याचे, भरतकाम करणाऱ्याचे वर्षाचे निम्मे पोट ज्या दिवसांवर चालते, तेच हे दिवस.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. १९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. भिवंडीहून शर्टिंग आणि अस्तराचे गठ्ठे घेऊन आमचा टेम्पो सांगलीला निघाला होता. दसऱ्याला पाच दिवस उरलेले. त्या दिवशी गहुंजेला भारत-बांगलादेश सामना दुपारी दोनला सुरू होणार होता, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्याचा आपल्या टेम्पोशी संबंध आहे हे डोक्यात आले नाही. साडेबाराला ड्रायव्हरचा फोन, "चाचा, गाडी हलंना झालीया, म्होरं सगळी मॅचची गर्दी हाय." पुण्याकडून येणारे प्रेक्षक आणि मुंबईकडून येणारे प्रेक्षक एकाच वेळी एकाच फाट्यावर येऊन पडले होते. टेम्पो सांगलीत पोहोचला तो रात्री उशिरा. हमाल घरी गेलेले, दुकान बंद. गठ्ठे दुसऱ्या दिवशी उतरले. तोपर्यंत अस्तरावाचून चार शिंपी कारागीर दिवसभर मशीनवर हात ठेवून बसले. आम्हाला गाडीचा खोटीभत्ता पडला तो सोसवला. पण त्या चौघांची मजुरी नगावर आहे. नग नाही तर पैसा नाही. सामन्याच्या गर्दीचे सर्वांत मोठे बिल शेवटी त्यांच्या नावे फाटले, आणि त्यांच्यातील एकाने तरी सामना पाहिला असेल असे वाटत नाही.

यानंतर पंधरा दिवसांतच दुसरा धडा मिळाला. २ नोव्हेंबर २०२३ ला आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरलो. त्या दिवशी वानखेडेवर भारत-श्रीलंका सामना होता. मंगलदास मार्केटमध्ये खरेदी उरकून दुपारी एकच्या सुमारास चर्चगेटकडे एका पेढीवर जाण्यासाठी टॅक्सी पाहू लागलो. एकही टॅक्सीवाला तिकडे यायला तयार होईना. शेवटी कापडाच्या नमुन्यांची पिशवी खांद्यावर घेऊन पायी गेलो. पेढीवरचे मुनीम जेवून लवकर निघून गेले होते. काम झाले नाही, पण दिवसभर बाजारात उभे राहून गर्दीचा स्वभाव मात्र कळला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल.

गर्दीला वेळ असते. दोनला सुरू होणाऱ्या सामन्याची गर्दी साडेअकरापासून दोनपर्यंत येते आणि रात्री सामना सुटल्यावर जाते. मधल्या वेळात रस्ते नेहमीपेक्षाही मोकळे असतात, कारण अर्धे शहर टी.व्ही.समोर असते. पण सुटण्याच्या वेळेवर भरवसा ठेवू नये. त्या दिवशी श्रीलंकेचा संघ ५५ धावांत, वीस षटकेही पुरी न खेळता बाद झाला आणि दहाच्या सुमारास अपेक्षित असलेली गर्दी त्याआधीच रस्त्यावर आली. गर्दीला बाजूही असते. वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसे मावतात आणि ती सारी मरीन लाइन्स, चर्चगेट या पश्चिमेच्या पट्ट्यातच दाटतात. क्रॉफर्ड मार्केटच्या पूर्वेला, मशीद बंदराकडे, हातगाड्या आणि टेम्पो त्या दिवशीही रोजच्यासारखेच चालले होते. म्हणून सामन्याच्या दिवशी पश्चिमेकडची कामे अकराच्या आत करावीत, माल पूर्वेच्या बाजूने काढावा आणि गाडीसाठी स्टेशनवर तासभर आधी जाऊन बसावे. एवढे पाळले तरी निम्मा त्रास वाचतो.

आता सरकारकडे आमचे मागणे काय ते सांगतो. सामन्याच्या तारखा गुप्त नसतात. २०२३ चे वेळापत्रक २७ जून रोजी, म्हणजे शंभर दिवस आधी जाहीर झाले होते. मात्र कोणता रस्ता बंद, कोणता वळविलेला, अवजड गाड्या किती वाजता थांबवणार, हे आपल्यापर्यंत पोहोचते ते फार तर आदल्या दिवशी. तीही सूचना प्रेक्षकांसाठी असते. गाडी कोठे लावावी, कोणत्या दरवाजाने आत जावे, कोणत्या लोकलने यावे. सांगलीहून निघालेल्या गठ्ठ्याने काय करावे हे त्यात नसते.

हे जमण्यासारखे नाही असे कोणी म्हणू नये. आमच्याच सातारा जिल्ह्यातून दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करीत जाते. वारीत लाखो माणसे असतात. तरीही पालखी कोणत्या दिवशी कोठे, त्या दिवशी कोणता रस्ता बंद आणि गाड्यांनी कोठून वळायचे, हे आगाऊ छापून येते. फलटणचा व्यापारी आपला माल त्या हिशेबाने चार दिवस आधी भरून ठेवतो आणि कोणाची तक्रार राहत नाही. जे प्रशासन वारीला एवढे नेटके वागते, त्याला पस्तीस हजार प्रेक्षकांच्या सामन्याला का जमू नये?

परदेशातील दाखलाही आहे. लंडनला २०१२ मध्ये ऑलिंपिक झाले तेव्हा प्रेक्षकाच्या तिकिटाबरोबरच त्या दिवसाचा शहर प्रवासाचा पास दिला गेला, म्हणजे मोटार घेऊन येण्याचे कारणच उरले नाही. त्याहून आपल्या कामाची गोष्ट अशी, की तेथील वाहतूक खात्याने दुकानदारांना आणि मालवाहतूकदारांना बऱ्याच आधीपासून कळवून ठेवले होते, की कोणत्या रस्त्यांवर अडचण येईल आणि माल रात्री कसा उतरवून घ्यावा. कतारने २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात दोहाची मेट्रो सामन्याच्या पाहुण्यांना फुकट केली. उलट दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत काय झाले ते सर्वांना आठवत असेल. खेळाडूंच्या गाड्यांसाठी रस्त्याची एक पट्टी राखून ठेवली आणि पदपथावरचा फेरीवाला उठविला गेला. लंडनमध्ये व्यापाऱ्याला आधी विचारात घेतले, दिल्लीत गरीब विक्रेत्याला बाजूला केले. आपल्याकडे तर विचारतही नाहीत आणि सांगतही नाहीत.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे बरे नव्हे. आमचाही दोष आहे. आपण मुंबईचा बेत आदल्या रात्री ठरवतो. मंगलदास रविवारी बंद असते हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला सामना कोणत्या वारी हे माहीत नसते. पोराला विचारले तर तो खेळाडूंची नावेही सांगेल, पण बाप विचारत नाही. आम्ही आता दुकानातल्या कॅलेंडरवर या तिन्ही मैदानांच्या मोठ्या सामन्यांवर लाल खूण करतो आणि त्या दिवशी माल मागवीत नाही. चार दिवस आधी माल मागविला तर तेवढ्या दिवसांचे पैसे गुंततात, हे खरे. पण बसलेल्या कारागिराच्या दिवसापेक्षा ते स्वस्त पडते.

वाटाही आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, त्यांचा उपयोग करावा. जानेवारी २०२४ पासून अटल सेतू सुरू आहे. लहान गाडीने निघालात आणि नेरुळला सामना असेल, तर पनवेलजवळून उलव्याच्या बाजूला वळून थेट शिवडीला निघता येते. टोल पडतो, पण नेरुळ-वाशी टळते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आहे. बसने दादरला उतरणाऱ्याने टॅक्सीच्या नादी न लागता मेट्रो धरावी आणि काळबादेवी स्टेशनला उतरावे, बाजार समोरच आहे. मात्र हातात नमुन्याची पिशवी असेल तरच. मिरजेच्या आमच्या एका सतारमेकर स्नेह्यांना सामन्याच्या दिवशी तंबोरा घेऊन मुंबईत जायचे होते. त्यांनी आम्हाला विचारले, आम्ही सांगितले, एक दिवस पुढे ढकला. महिनोन् महिने खपून तयार केलेला भोपळा गर्दीच्या एका धक्क्याने तडकतो आणि त्याची भरपाई कोणत्याही तिकिटावर लिहिलेली नसते.

हा प्रश्न दिवाळीपुरता नाही. २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे वेळापत्रक ७ फेब्रुवारी ते ८ मार्च असे आखले गेले, आणि त्यातील एक उपांत्य सामना ५ मार्चला संध्याकाळी सातचा, वानखेडेवर ठेवला गेला. ते दिवस रमजानचे, ईदच्या खरेदीचे. त्या सुमारास मुंबईत इफ्तार पावणेसातला असते. म्हणजे प्रेक्षकांची गर्दी, कचेऱ्या सुटण्याची गर्दी आणि रोजा सोडायला घर किंवा मशीद गाठू पाहणारा दुकानदार, तिघेही एकाच रस्त्यावर एकाच घटकेला. वेळापत्रक आखणाऱ्याच्या मनात यात काही वाईट नसते. त्याच्यासमोर आपला हिशेब कोणी ठेवलेलाच नसतो, एवढेच.

तो ठेवण्याची वेळ आताच आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरले. आपल्यापैकी कितीतरी जण अहमदाबादच्या कापड बाजारातून माल आणतात. २०३१ चा पुरुषांचा विश्वचषकही भारत आणि बांगलादेशात आहे. म्हणून आमची सूचना अशी. सांगली, मिरज, विटा, कराड, सातारा येथील व्यापारी संघटनांनी आणि मालवाहतूकदारांनी मिळून एक अर्ज करावा. त्यात तीनच गोष्टी मागाव्यात. मोठ्या सामन्याच्या वाहतुकीचा आदेश किमान पंधरा दिवस आधी निघावा. त्यात मालगाड्यांसाठी वेगळा रस्ता आणि वेगळी वेळ लिहिलेली असावी. आणि तो आदेश आपल्या जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांतून व एस.टी. स्टँडवरही लागावा, केवळ मुंबई-पुण्यात नव्हे. यात सवलत नाही, अनुदान नाही, खजिन्यावर बोजा नाही. एक कागद वेळेवर मिळावा, एवढीच मागणी आहे.

आमच्या दुकानातील त्या चार कारागिरांपैकी एकाची मुलगी यंदा बॅट मागते आहे. स्मृतीचे नाव घेते. बापाने कबूल केले आहे, हंगाम नीट गेला तर घेऊ. त्याचा हंगाम नीट जायचा तर अस्तराचा गठ्ठा वेळेवर आला पाहिजे.