हजेरीपटावरील नावे

उज्जैनीत शिकलेल्या मनुष्यास शाळासोबत्यांविषयी लिहिताना दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. मंगलनाथाच्या वाटेवर अंकपात येथे सांदीपनींचा आश्रम आजही दाखविला जातो, आणि कृष्ण-सुदाम्याची जोडी ही आपल्या देशातील शाळासोबत्यांची बहुधा सर्वांत जुनी जोडी आहे. गंमत अशी की, भागवताच्या दशम स्कंधात ही कथा येते तेथे त्या गरीब मित्राचे नाव नाहीच. कृष्णाचा कोणी एक ब्राह्मण मित्र, एवढेच म्हटले आहे. सुदामा हे नाव पुढील परंपरेने दिले. म्हणजे शाळासोबत्यांच्या पहिल्याच कथेत एकाचे नाव पटावरून गळले आहे.

ती कथा पुन्हा वाचताना दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. एक, इतकी वर्षे द्वारकेहून खबर नाही व इकडूनही कोणी गेले नाही. अखेर सुदाम्याला घराबाहेर काढले ते त्याच्या बायकोने. शेजारीपाजारी मागून चार मुठी पोहे आणले, फाटक्या वस्त्रात बांधले व नवऱ्यास वाटेला लावले. कित्येक घरांत आजही जुन्या मित्रास पत्र टाकण्याची आठवण तीच करून देते. दुसरी गोष्ट अशी की, भेट झाल्यावर कृष्णाने घरसंसाराची विचारपूस केली आणि लगेच विषय काढला तो गुरुपत्नीने लाकडे आणावयास पाठविले असता रानात कोसळलेल्या पावसाचा आणि त्या चुकलेल्या वाटेचा. मित्राने काखेत लपविलेली पुरचुंडी त्याने स्वतः ओढून घेतली. हुद्द्याची चौकशी झाली नाही.

आमच्याकडील स्नेहमिलनांत मात्र आरंभीच ‘परिचय’ असतो. एकेकाने उठावे, कोणत्या पदावरून निवृत्त झालो, मुले कोणत्या देशात आहेत, हे सांगावे व टाळ्या घ्याव्यात. ज्याने विनोद-विमल गिरणीत उमेदवारी धरली आणि १९९०च्या दशकात गिरणी बंद पडल्यावर पोटासाठी मिळेल ते काम केले, त्याने उठून काय सांगावे? तो पहिल्या वर्षी येतो, दुसऱ्या वर्षी त्याला बरे नसते, तिसऱ्या वर्षी त्याला निमंत्रण धाडावयाचे कोणाच्या लक्षात राहत नाही. शाल-श्रीफळाचा खर्च कमी करावा, वर्गणी ऐच्छिक ठेवावी, अशा सूचना अनेकदा येतात व त्या योग्यच आहेत. पण आमच्या मते केवळ परिचयाचा कार्यक्रम गाळला तरी निम्मे काम होईल. ज्यांनी चार वर्षे एका बाकावर काढली त्यांना परिचयाची गरज ती काय?

माळव्यातील आपल्या मंडळींची याबाबतीतील स्थिती थोडी निराळी आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि सुटीत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे ‘तुमची मराठी जरा वेगळीच’ हे ऐकणे, अशा तिहेरी वातावरणात आपण वाढलो. त्यामुळे बालपणीचे साक्षीदार म्हणावेत तर ते नात्यातील नव्हेत, तर वर्गातील. आणि त्यांतले पुष्कळसे मराठी नव्हेत. डब्यातील थालीपीठ देऊन कचोरी घेणारा तो सोबती माळवी बोलत असे, व आपल्या आजीच्या हाकेची नक्कल तोच उत्तम करीत असे. आपण लहानपणी कसे होतो हे सांगू शकेल असा मनुष्य सत्तरीनंतर बहुधा त्यांच्यातच उरतो. समाजाच्या मंडळांतून आपण एकमेकांना धरून राहिलो हे चांगलेच झाले, परंतु या सोबत्यांची नोंद तेथे कोठेही नसते.

नोंद असते ती एखाद्याच्या वहीत. प्रत्येक वर्गात असा एक गृहस्थ निघतोच. बहुधा तो गाव न सोडलेला असतो. बँकेत किंवा शिक्षणखात्यात नोकरी झालेली, घर जुन्याच गल्लीत. बाहेरगावी गेलेले सिंहस्थास येतात तेव्हा उतरतात त्याच्याकडे. १९८०, १९९२, २००४, २०१६ असे बारा-बारा वर्षांचे हिशेब त्याच्या वहीत सापडतात: कोण आले, कोणाबरोबर आले, कोण या खेपेस नव्हते. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, आणि ‘आता सिंहस्थालाच भेटू’ असे आमच्या वयाच्या मंडळींनी परस्परांस सांगणे हे फार धाडसाचे आहे.

हा वहीवाला गृहस्थ गेला की काय होते, ते अनेक वर्गांनी अनुभविले आहे. मुलगा-सून परगावाहून येतात, घर आवरतात, वही रद्दीत जाते. त्यांचाही दोष नाही. त्या नावांत त्यांच्या ओळखीचे कोणी नसते. हल्ली व्हॉट्सॲपवर गट केलेला असतो, तेव्हा वहीची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. गटाचा उपयोग आम्हांस मान्य आहे. परंतु सकाळी तीस जणांकडून फुलांची चित्रे येतात तेव्हा एकतिसाव्याचे येणे थांबले, हे कोणास कळत नाही. पोस्टकार्डाचे उत्तर आले नाही तर ते टाकणाऱ्याच्या मनास आठ दिवसांत लागून राही, आणि मग कोणास तरी त्या घरी पाठविले जाई.

शाळा स्वतः या कामी किती उपयोगी पडेल? इमारतींचा भरवसा नाही. महाकालेश्वराशेजारच्या महाराजवाड्यात अनेक दशके शाळा भरली. मंदिर-परिसराच्या विस्तारात ती तेथून हलली आणि वाड्याचे पर्यटकांसाठी वारसा-हॉटेल झाले. ज्या दालनात आपण पाढे म्हटले तेथे आता भाडे देऊन रात्र काढता येईल. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. वाडा पडू देण्यापेक्षा ते बरे. मात्र शाळा कोठेही गेली तरी तिची दाखिल-खारिजची नोंदवही तिच्याबरोबर जात असते, व आमचा रोख त्या नोंदवहीकडे आहे.

वर्गाची यादी करावयास बसलेली मंडळी सामान्यतः निकालपत्रकापासून आरंभ करतात. अमुक वर्षी हायर सेकंडरी उत्तीर्ण झालेले ते आपले सोबती. ही रीत आम्हांस मुळीच पसंत नाही. गजानन माधव मुक्तिबोधांचे उदाहरण घ्या. १९१७ मध्ये श्योपुरास जन्मलेला हा मराठी घरातील मुलगा. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसखात्यात, त्यामुळे बदल्या आणि शाळा बदलणे नित्याचे. १९३० मध्ये उज्जैनीहून मिडलच्या परीक्षेस बसला व नापास झाला. पुढे तो हिंदीतील पहिल्या प्रतीचा कवी ठरला, आणि धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी म्हणून मान्यता पावला, हे आपणांपैकी पुष्कळांना अभिमानाने ठाऊक आहे. पण १९३० च्या उत्तीर्णांची यादी करून कोणी वर्ग जमविला असता तर त्यात मुक्तिबोधांचे नाव नसते. कवी होण्याची गोष्ट सोडा. नापास झालेल्या, मध्येच बदली होऊन गेलेल्या, बाप वारल्यामुळे नववीत शाळा सोडलेल्या प्रत्येकाचे तेच होते. बाकावर मात्र ते होते. म्हणून यादी करावी ती हजेरीपटावरून किंवा दाखिल-खारिजवरून, निकालावरून नव्हे.

याहूनही अवघड प्रश्न मुलींचा आहे, आणि तो मुख्यतः आपल्याच समाजाचा आहे. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आणि गेल्या पिढीपर्यंत तर तांदळात नवे नाव लिहून मुलीचे स्वतःचे नावही बदलले जात असे. वर्गातील जी कोणी कुसुम होती ती सासरी सुनीता झाली. तिच्या नावाचे तिन्ही भाग गेले. आता तिला शोधावे कसे? मुलांच्या शाळेतील सोबती साठ वर्षांनी सापडतो, कारण त्याचे नाव जेथल्या तेथे असते. मुलींच्या शाळेतल्या मैत्रिणी एकाच शहरात, कदाचित दोन गल्ल्यांच्या अंतराने, वीस-वीस वर्षे राहतात आणि एकमेकींस ठाऊक नसतात. हळदीकुंकवास समोरासमोर बसून वाण घेतात, गुळाची चव वाखाणतात व उठून जातात. माहेरची गोष्ट निघाली तरच एखादीच्या तोंडून शाळेतील बाईंचे नाव येते आणि मग दोघी दचकतात. असे योगायोगावर सोडणे बरे नव्हे. मैत्रिणीचे निधन झाल्याचे वृत्त वाचूनही ते मैत्रिणीचे आहे हे न कळणे, याहून मोठी ताटातूट आम्हांस तरी दुसरी दिसत नाही.

मासिके या बाबतीत काही करू शकतात. आपल्या मासिकात दर महिन्यास निधनवार्ता येतात. त्यांत कै. श्रीमती अमुक तमुक, वय ८१, त्यांच्या मागे दोन पुत्र, एक कन्या, नातवंडे असा परिवार आहे, असे छापले जाते. पतीचा हुद्दा येतो, पुत्रांची गावे येतात. माहेर क्वचितच येते व आले तर ‘अमक्यांची भगिनी’ म्हणून. संपादकांस आमची विनंती आहे की, यापुढे प्रत्येक स्त्रीच्या वार्तेत माहेरचे पूर्ण नाव, म्हणजे शाळेत लागलेले नाव, वडिलांचे नाव व आडनाव, तसेच शाळेचे नाव छापावे. जागा फार लागणार नाही; एक ओळ वाढेल. विवाहाच्या पन्नाशीची अभिनंदने छापतो तेथेही हेच करावे, म्हणजे शोकाचीच वाट पाहावी लागणार नाही.

वाचकांकडेही एक मागणे आहे. घरात आई, आजी, सासूबाई असतील तर त्यांना त्यांच्या शाळेच्या हजेरीतील नावे क्रमाने म्हणावयास सांगा. अनेकींना ती अजून पाठ आहेत, कारण रोज सकाळी ऐकलेली आहेत. पहिले नाव आठवले की पुढची आपोआप येतात, मध्ये एखादे अडले तरी त्यापुढचे येते. ती जशी येतील तशी कागदावर उतरवून घ्या, शाळा व साल घाला आणि कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. मागे ज्या शाळांतील नावे जमतील त्या शाळांपासून आरंभ करता येईल. कागदाच्या खालच्या बाजूस थोडी कोरी जागा राखावी. लिहून झाल्यावर, चहा घेताना, आणखी दोन नावे हटकून आठवतात.