आद्यत्वाचा कोरडा मान

जपानच्या दरबारी कवयित्रींविषयी आमच्या सुशिक्षित मंडळींस मोठा आदर वाटतो, आणि तो रास्तच आहे. इ. स. १००० च्या सुमारास होऊन गेलेली, सम्राज्ञी शोशीच्या परिवारातील इझुमी शिकिबू हिच्या लघुकविता इंग्रजीतून वाचून पुण्यातील रसिक माना डोलावतात. परंतु महदंबेचे नाव निघताच हेच रसिक 'आद्य मराठी कवयित्री' एवढे परीक्षेपुरते उत्तर देऊन मोकळे होतात. या वृत्तीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

'धवळे' का वाचत नाही, असे पुसावे तर 'ती लग्नातली गाणी, प्रसंगापुरती रचना' असे सांगण्यात येते. मग इझुमीच्या कविता तरी प्रसंगावाचून कोठे जन्मल्या? राजपुत्राच्या पत्रास पद्यात उत्तर धाडणे हाच त्यांतील कित्येकींचा उगम. तिकडे जी हजरजबाबी प्रतिभा, तोच इकडे उणेपणा कसा?

महदंबेचा प्रसंग तर अधिक विलक्षण आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपुरास गोविंदप्रभूंनी आपल्या विवाहाची लीला मांडली, आणि त्या सोहळ्यात तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गाइले. ही गाणारी बालविधवा होती! ज्या समाजाने विधवेस शतकानुशतके मंगलकार्यापासून दूर ठेवले, त्याच्या भाषेतील पहिले ज्ञात स्त्रीकाव्य एका विधवेने गाइलेले विवाहमंगल असावे, याचा विचार कोणी टीकाकार करील काय?

दुसरा आक्षेप सांप्रदायिकतेचा. पण चक्रधरांस प्रश्नांमागून प्रश्न विचारणारी महदंबा 'लीळाचरित्रा'त पदोपदी भेटते. ती नुसती भाबडी भाविक खचित नव्हे. जपानी पंडित चिनी भाषेत रमले असता तेथील स्त्रियांनी देशी वाणी फुलविली, याचे आम्ही कौतुक करतो. संस्कृताच्या छायेत महदंबेने मराठीत गाइले, हे मात्र विसरतो.

महानुभावांच्या सांकेतिक लिपीमुळे हे वाङ्मय पूर्वी दुर्लभ होते, हे खरे. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उकलली, तेव्हा ती सबबही उरली नाही.

'आद्य' हा काळाचा निर्देश होय, गुणाचा निर्णय नव्हे. म्हणून आमचे सांगणे इतकेच की, महाविद्यालयांतून महदंबेचा केवळ शतकांक शिकविण्याचे थांबवून 'धवळे' वर्गात मोठ्याने वाचावेत, जमल्यास गावेत. मग ते आवडले नाहीत, असे कोणी म्हटल्यास आमची तक्रार नाही. न वाचताच केलेला गौरव मात्र आम्हांस अवहेलनेसारखाच वाटतो.