न बुजवलेले चौसष्ट बिंदू

गेल्या आठवड्यात ऑफिसात रिलीजच्या मीटिंगमध्ये नेहमीचा वाद झाला. वरून फर्मान: एकही माहीत असलेला बग नको. माझं म्हणणं, काही बग काढायला गेलं की सगळंच आणखी बिघडतं. ते नीट ओळखून, नोंदवून राहू द्यावेत. कुणी ऐकलं नाही. असो. शनिवारी चहा घेऊन बायरॅशनल जॉमेट्री उघडली (जुना नाद, कळतं थोडंच), तर तिथेही हाच वाद!

थोडक्यात सांगतो. बहुपदी समीकरणांच्या उत्तरांचा जो आकार बनतो ती व्हरायटी. दोन व्हरायटी थोडा भाग सोडून बाकी सगळीकडे जुळल्या, तर त्या एकाच घराण्यातल्या, म्हणजे बायरॅशनल. वर्गीकरण करायचं तर प्रत्येक घराण्यातून एक साधासुधा प्रतिनिधी निवडायचा, त्याला मिनिमल मॉडेल म्हणतात. दोन मितींत कास्टेलनुओवो, एन्रिकेस या इटालियन मंडळींनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जमवलं होतं. फालतू वक्र एकेक करून बिंदूत मिटवायचे. पृष्ठभाग शेवटपर्यंत गुळगुळीत राहतो.

तीन मितींत तसंच होईल असं कुणालाही वाटेल. त्यात हिरोनाकांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं की कॅरॅक्टरिस्टिक शून्य असेल तर कुठल्याही व्हरायटीतल्या सिंग्युलॅरिटी घालवता येतात. (कॅरॅक्टरिस्टिक शून्य नसेल तेव्हा काय, यात आपले श्रीराम अभ्यंकर आयुष्यभर रमले. पृष्ठभागांचा प्रश्न त्यांनी १९५६ मध्येच सोडवला होता, आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं.) मग अडलं कुठे?

एक उदाहरण घ्या. तीन मितींच्या जागेत प्रत्येक बिंदू आणि आरंभबिंदूच्या पलीकडचा त्याचा उलटा बिंदू एकच समजा. आता या नव्या जागेवर कुठल्या बहुपदी टिकतात? फक्त सम घातांच्या. त्यांची रिंग बनवायला तीन वर्ग आणि तीन जोडगुणाकार, असे सहा घटक लागतात, एकही कमी करता येत नाही. गुळगुळीत बिंदूपाशी तीनच पुरले असते. म्हणजे चित्र न काढताच रिंगने सांगून टाकलं की आरंभबिंदूपाशी सिंग्युलॅरिटी आहे.

हीच युक्ती तीन मितींच्या आबेलियन व्हरायटीवर केली की असे ६४ बिंदू मिळतात. बुजवता येतात की! प्रत्येकाच्या जागी एक अख्खं प्रतल बसवायचं. पण मॉडेल मिनिमल आहे की नाही हे ज्यावरून ठरतं त्या कॅनॉनिकल डिव्हायझरमध्ये प्रत्येक प्रतलाची अर्धी भर पडते. दोन मितींत याच युक्तीने १६ बिंदू येतात आणि ते बुजवले तरी हिशेबात काहीच फरक पडत नाही. तीन मितींत मात्र या घराण्यात गुळगुळीत मिनिमल मॉडेलच नाही.

१९८० च्या सुमारास माइल्स रीड यांनी नेमक्या अशा सिंग्युलॅरिटी वेगळ्या काढल्या, ज्या बुजवताना आलेला प्रत्येक नवा तुकडा हिशेबात भरच घालतो. त्यांना टर्मिनल म्हणतात. मोरींनी या चालवून घेतल्या, १९८८ मध्ये तीन मितींचं काम तडीस नेलं आणि १९९० मध्ये फील्ड्स पदक घेतलं. पुढे २०१० मध्ये बिरकार, कासिनी, हेकन आणि मॅकर्नन यांनी बरंच काही सगळ्या मितींत नेलं, तेही अशा सिंग्युलॅरिटींना सोबत घेऊनच.

आणि गंमत बघा, दोन मितींत टर्मिनल म्हणजेच गुळगुळीत! म्हणजे इटालियन मंडळी नकळत हाच नियम पाळत होती. म्हणून ‘तडजोड केली’ असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. नियम आधीपासून हाच होता; गुळगुळीतपणा हा दोन मितींतला योगायोग.

रीड यांचा १९८७ चा ‘यंग पर्सन्स गाइड टू कॅनॉनिकल सिंग्युलॅरिटीज’ नावाचा लेख मिळाला तर जरूर चाळा. सोमवारच्या मीटिंगआधी मीही परत वाचणार आहे.