अर्ध्या दिवसाचे शहर

आमच्या पावर हाउसच्या बाजारात संध्याकाळी फेरफटका मारताना हल्ली एक जाहिरात हमखास नजरेस पडते : ‘दहा दिवसांत सात देश’. खाली आयफेल मनोरा, पिसाचा कलता मनोरा आणि बर्फाच्छादित आल्प्स एकाच चित्रात शेजारी शेजारी उभे असतात. परवा आमचे एक शेजारी हेच पत्रक घेऊन घरी आले. पोलाद कारखान्यातील चौतीस वर्षांची नोकरी संपवून ते नुकतेच निवृत्त झाले आहेत. मुदत ठेवीची पावती जूनमध्ये पिकते. “काका, तुम्ही जाऊन आला आहात. पैसे भरू का?” असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यांना जे उत्तर दिले, ते थोडे विस्ताराने वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेखप्रपंच.

२००६ साली मी व सौ. अशाच एका सहलीत सामील झालो होतो. फ्लॉरेन्स या शहरासाठी कार्यक्रमपत्रिकेत अर्धा दिवस राखून ठेवला होता. बस सकाळी दहाला पोहोचली. मार्गदर्शकाच्या उंचावलेल्या छत्रीमागे आम्ही चाळीस जण धावत होतो. भव्य कॅथीड्रलचे बाहेरून दर्शन, चौकातील डेव्हिडच्या पुतळ्याच्या प्रतिकृतीसमोर छायाचित्र, जुन्या पुलावर वीस मिनिटे, डब्यातले जेवण आणि दोन वाजता पुन्हा बस. यादीत ‘फ्लॉरेन्स’ या नावापुढे खूण झाली आणि आम्ही समाधानाने पुढच्या शहराकडे निघालो.

खरा धक्का घरी परतल्यावर बसला. सौ.चे माहेर कोल्हापूरचे व शिक्षण तेथील राजाराम महाविद्यालयातले. दिवाळीला भेटलेल्या तिच्या वृद्ध मामांनी प्रवासाची हकिगत ऐकता ऐकता सहज विचारले, “फ्लॉरेन्सला गेला होतात, मग महाराजांच्या छत्रीपुढं डोकं टेकवलंत की नाही?” आम्ही दोघेही निरुत्तर झालो. कोणती छत्री, हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा ते अवघ्या विशीत होते. समुद्रपर्यटन हे धर्मबाह्य मानण्याचा तो काळ. इंग्लंडमधील मुक्काम आटोपून ते युरोपमार्गे परतत असताना वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. प्रवासात त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. तेथील प्रशासनापुढे मोठाच पेच उभा राहिला, कारण मृतदेहास अग्नी देण्याची प्रथा त्या देशात रूढ नव्हती. तरीही परक्या देशाच्या एका तरुण राजाच्या धर्माचा मान राखून नगराने विशेष परवानगी दिली. आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्याच ठिकाणी चार खांबांवर घुमट असलेली, आपल्याकडच्या समाध्यांसारखी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रेखाटला, तेच हे स्थापत्यकार. आतील अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांनी घडवलेला आहे. शेजारून जाणारा, १९७८ साली पूर्ण झालेला नदीवरील मोठा पूल आज ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या इटालियन नावानेच ओळखला जातो.

ज्या राजाच्या नावाच्या महाविद्यालयात सौ. शिकली, त्याच्या छत्रीपासून साधारण पाच किलोमीटरवर ती चार तास होती आणि काही न कळताच परतली. “आपण तिथे गेलो होतो, असे आता कोणाला सांगू नका,” एवढेच ती त्या रात्री म्हणाली.

या वाक्याने मला अकरा वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. आवर्ती ठेवीत दरमहा थोडी थोडी रक्कम टाकत राहिलो, घराच्या रंगकामाचा खर्च दोनदा पुढे ढकलला आणि २०१७ मध्ये आम्ही पुन्हा निघालो. या वेळी फक्त एक शहर व सात दिवस. एकूण खर्च पहिल्या सहलीपेक्षा कमी आला, हे बँकेच्या ग्राहकांनी विशेष ध्यानात घ्यावे. प्रवासात सर्वांत महाग गोष्ट मुक्काम नसून रोजची धावाधाव असते.

सात दिवसांत काय वेगळे दिसले? पहिल्या खेपेस ज्या घुमटाचे केवळ छायाचित्र काढले होते, त्याच्या ४६३ पायऱ्या आम्ही विश्रांती घेत घेत चढलो. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्की याने तो उभारला. आतील बाजूने सुमारे ४५ मीटर रुंदीचा हा घुमट बांधताना खालून लाकडी आधाराचा सांगाडा उभारलेला नव्हता. विटा विशिष्ट तिरक्या गुंफणीत रचल्यामुळे प्रत्येक थर स्वतःला सावरत वर चढत गेला. दोन कवचांमधील अरुंद जिन्यातून जाताना ती गुंफण हाताने चाचपता येते. विजापूरचा गोल घुमट आम्ही पाहिलेला होता. तो १६५६ मधला व आतून सुमारे ३८ मीटरचा. दोन्ही ठिकाणी माणसाने वजनाशी केलेला करार सारखाच, मात्र भाषा निराळी. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही भाषा तत्काळ कळली. अट एवढीच की थांबून ऐकायला वेळ हवा.

बँकेच्या वाचकांसाठी तर हे शहर जणू आजोळच आहे. सराफ ज्या मेजावर नाणी मांडून बसे, त्या ‘बांको’वरून ‘बँक’ हा शब्द आला. पोर्तुगीजांमार्फत मराठीत आलेला आपल्या शाळेतला ‘बाक’ही त्याच कुळातला. १२५२ मध्ये फ्लॉरेन्सने पाडलेले सुमारे साडेतीन ग्रॅम सोन्याचे फ्लोरिन हे नाणे युरोपभर विश्वासाचे प्रतीक ठरले. १३९७ साली स्थापन झालेल्या मेदिची घराण्याच्या पेढीच्या शाखा रोम, व्हेनिसपासून लंडनपर्यंत पसरल्या होत्या. तो पैसा तिजोरीतच राहिला असता, तर आज कोण तिकडे फिरकले असते? कॅथीड्रलच्या बांधकामाची जबाबदारी लोकर व्यापाऱ्यांच्या संघाने उचलली होती. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने अनाथ बालकांसाठी आश्रम बांधला. त्याची रचना त्याच ब्रुनेलेस्कीची असून १४४५ पासून तेथे टाकून दिलेली मुले स्वीकारली जाऊ लागली. त्या आश्रमाच्या कमानींखालच्या पायऱ्यांवर आम्ही एक अख्खी दुपार बसलो होतो. काटकसरीने साठलेल्या पैशाचे सौंदर्यात व करुणेत रूपांतर कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. चार तासांच्या दौऱ्यात हा आश्रम नव्हता.

अन्नाचीही गोष्ट तीच. पहिल्या वेळी बसमध्ये पुलाव व लोणचे खाल्ले. त्याबद्दल कृतज्ञता आहेच, परदेशात घासभर भाताचे मोल मोठे असते. मात्र दुसऱ्या वेळी एका लहान खाणावळीत ‘रिबोल्लीता’ नावाचा पदार्थ पुढे आला. नावाचा अर्थ ‘पुन्हा उकळलेले’. आदल्या दिवशीचे भाज्या व घेवड्याचे सार, त्यात शिळा पाव मोडून, दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलेले. मालकिणीने हातवारे करून ही कृती समजावली, तेव्हा सौ. हसून म्हणाली, “ही तर यांची फोडणीची पोळी!” मला मात्र आठवली छत्तीसगढची बोरे-बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीसोबत खाऊन कामावर जाणारे किती सहकारी मी पाहिले! शिळे वाया जाऊ न देणाऱ्या गृहिणी जगभर एकाच पंथाच्या. तेथील पावात मीठ नसते, हे कळल्यावर प्रथम नवल वाटले. सोबतच्या साराची व चीजची चव खुलावी, यासाठी तो अगदी योग्य आहे, हे तिसऱ्या दिवशी पटले. चव समजायलाही मुक्काम लागतो. शाकाहारी मंडळींनी सारात मांसाचे पाणी नाही ना, एवढे आवर्जून विचारून घ्यावे. आणि कॉफी उभ्याने प्यावी, बसून घेतल्यास तिचा दर बहुधा वाढतो!

सातव्या दिवशी आम्ही कासीने उद्यानातून, नदीच्या कडेकडेने, पश्चिम टोकाकडे चालत गेलो. झाडी संपते तेथे ती छत्री उभी आहे. आसपास सायकलवर फिरणारी मुले व कुत्र्यांना घेऊन आलेले वृद्ध होते. सौ.ने पायांतले बूट काढले. कोल्हापुरातून मागवून ठेवलेले अंबाबाईचे कुंकू तिच्या पर्समध्ये होते. तिने ते पायरीवर चिमूटभर ठेवले. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरलेला आहे. एक वृद्ध इटालियन गृहस्थ जवळ आले, आम्हांकडे व पुतळ्याकडे पाहून त्यांनी टोपी काढली आणि काही न बोलता निघून गेले. त्या एका क्षणासाठी केलेली अकरा वर्षांची बचत मला आजही स्वस्तच वाटते. मामा तोवर हयात नव्हते. ती हळहळ मात्र कायमची राहिली.

शेजाऱ्यांनी यावर घेतलेला आक्षेप मोलाचा आहे. ते म्हणाले, “काका, तुम्ही दुसऱ्यांदा गेलात. आमचे जाणे एकदाच. मग जेवढे होईल तेवढे पाहून घ्यायला नको का?” भाषेची अडचण, उतारवय, जेवणाची काळजी, पासपोर्ट सांभाळण्याची धास्ती, या साऱ्यांवर समूह-सहल हे चांगले उत्तर आहे, हे मला मान्य आहे. आम्हीही पहिल्या सहलीतच धीट झालो. परंतु जाणे एकदाच होणार असेल, तर ते अधिकच सावकाश हवे, असे माझे ठाम मत आहे. आयुष्याची पुंजी दहा ठिकाणी किरकोळ वाटून टाकली, तर कोठेच व्याज जमत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. एखाद्या शहरात सलग दोन रात्री मुक्काम आहे का? एक दिवस तरी मोकळा आहे का? आणि त्या शहराशी माझे स्वतःचे काही नाते आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही सहल कंपनी देणार नाही, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून किंवा वाचनालयात बसूनच शोधावे लागेल.

हाच नियम घराजवळही लागू पडतो, याची जाणीव मला परतल्यावर झाली. पावर हाउस स्थानकातून लोकल गाडीने थोड्याच वेळात देवबलोदा येथे पोहोचता येते. तेथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. भिंतींवर कोरीव मूर्ती, शेजारी कुंड. तीस वर्षे मी त्या स्थानकावरून रायपूरला जा-ये केली, मात्र कधी उतरलो नाही. फ्लॉरेन्सहून आल्यावर प्रथमच उतरलो आणि अख्खी सकाळ तेथे काढली.

शेजाऱ्यांनी पत्रक परत नेले आहे. सात देशांऐवजी दोन देश असलेली दुसरी सहल ते शोधत आहेत, असे काल कळले. जाण्यापूर्वी एका रविवारी देवबलोद्याला सोबत येण्याचेही त्यांनी कबूल केले आहे. ठेवीची पावती पिकायला अद्याप अवकाश आहे. पाहण्याची सवय मात्र आजपासूनच लावून घेता येते.

— पावर हाउस (भिलाई) येथील एक ग्राहक